हिवतापाने राखलेले जनुक

विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार, हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, अमरावती आणि तिकडे सातपुड्यात नंदुरबार, या सगळ्या पट्ट्यात ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे प्रयोगशाळेतले शब्द घरांत रुळले आहेत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. लग्न जुळवताना कुठे हे लपवले जाते, तर कुठे कळल्यावर स्थळ मोडते. ‘त्यांचं रक्तच खराब’ असे सहज बोलून जाणारे शिकलेले लोकही भेटतात. हे वाक्य निखालस चूक आहे. ज्या जनुकाला हे लोक खराब म्हणतात, त्याच जनुकाने कित्येक पिढ्यांतली लेकरे जगवली. माणसामध्ये नैसर्गिक निवड कशी चालते याचा सर्वांत भक्कम पुरावाही त्यानेच दिला.

रोग आणि निवड यांचे नाते डार्विनच्याही आधीचे आहे. 1813 मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरांनी रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. विषय होता एका गोऱ्या स्त्रीच्या कातडीवरचे काळे डाग. निबंधाच्या शेवटी मात्र त्यांनी फार दूरचा विचार मांडला. पशुपालक चांगली जनावरे निवडून वाण सुधारतात. तेच काम निसर्गही करत असला पाहिजे, फक्त सावकाश. आफ्रिकेत विखुरलेल्या पहिल्या माणसांपैकी काही जण तिथले रोग सोसायला जास्त समर्थ असतील, त्यांची संख्या वाढेल, बाकीच्यांची घटेल. वेल्स यांनी या ताकदीचा संबंध कातडीच्या रंगाशी जोडला, तो चुकला. पण तर्काची चौकट बरोबर होती. 1866 मध्ये डार्विनने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या आवृत्तीत वेल्स यांना नैसर्गिक निवडीचे तत्त्व ओळखणारा पहिला माणूस म्हणून मान दिला.

डार्विनने स्वतःही हा धागा धरून पाहिला होता. 1862 मध्ये त्याने ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय प्रमुखांची परवानगी काढली आणि परदेशी तैनात पलटणींच्या डॉक्टरांना कोरे तक्ते पाठवले. सैनिकांच्या केसांचा आणि कातडीचा रंग नोंदवायचा आणि कोणाला उष्ण प्रदेशातले ताप जास्त येतात ते पाहायचे, अशी योजना होती. एकही तक्ता भरून परत आला नाही. आले असते तरी उत्तर मिळाले नसते, कारण शोधायचे ते कातडीवर नव्हते, तांबड्या पेशींच्या आत होते. शिवाय गुण पुढच्या पिढीत कसे जातात हेच डार्विनला ठाऊक नव्हते. निवड कशाची होते हा त्याच्या सिद्धांतातला रिकामा कोपरा होता, आणि तो भरायला पुढची पिढी लागली.

1904 च्या डिसेंबरमध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेला दंतवैद्यकीचा विद्यार्थी दाखल झाला. खोकला, अशक्तपणा, पायावर जखमांचे व्रण. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांनी त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर गोल तबकडीसारख्या पेशींमध्ये लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ही नोंद प्रसिद्ध केली. पुढे कळले की पेशीतला प्राणवायू कमी झाला की ती वाकते. वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडे-सांधे ठणकतात, पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी पडते. ज्यांनी घरातल्या मुलाला ‘क्रायसिस’मध्ये, म्हणजे या वेदनांच्या झटक्यात, तळमळताना पाहिले आहे त्यांना याचे वर्णन नको.

1949 हे वर्ष या कथेतले मोलाचे. जेम्स नील यांनी दाखवले की आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो, एकाकडूनच आला तर माणूस वाहक राहतो आणि बहुधा धडधाकट जगतो. त्याच वर्षी लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात हिमोग्लोबिन सरकवून पाहिले: रुग्णाचे वेगळ्या वेगाने सरकते, वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. आजही आपल्याकडे पक्के निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी ती हीच. एका रेणूतल्या बदलाने आजार होतो, हे जगाने पहिल्यांदा सिकलसेलमध्ये पाहिले.

मग प्रश्न उभा राहिला. उपचार नव्हते तेव्हा एसएस मुले बहुतेक लहानपणीच दगावत. प्रत्येक अशा मृत्यूबरोबर सिकलसेल जनुकाच्या दोन प्रती कमी होतात. असे असताना आफ्रिकेत काही ठिकाणी वीस टक्क्यांहून जास्त लोक वाहक कसे?

ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल, म्हणजे तांबड्या पेशी छोट्या करणाऱ्या दुसऱ्या आनुवंशिक रक्तविकाराबद्दल, असाच प्रश्न विचारला होता आणि भूमध्य समुद्राकाठच्या हिवतापाकडे बोट दाखवले होते: त्या छोट्या पेशींत हिवतापाच्या परजीवीचे फावत नसेल. हेच हाल्डेन 1957 मध्ये इंग्लंड सोडून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि 1 डिसेंबर 1964 रोजी भुवनेश्वरला वारले. सिकलसेलचे प्रमाण मोठे असलेल्या ओडिशातच त्यांचे अखेरचे दिवस गेले.

पुरावा मात्र अँथनी ॲलिसन यांनी जमवला. केनियात वाढलेल्या या तरुण डॉक्टरने पूर्व आफ्रिकेत रक्ताचे नमुने गोळा केले. किनारपट्टीवर आणि व्हिक्टोरिया सरोवराभोवती वाहक वीस टक्क्यांहून जास्त, थंड डोंगराळ भागात एका टक्क्याहून कमी. हा नकाशा हिवतापाच्या नकाशावर बसत होता. मग कंपालाजवळच्या 290 मुलांचे रक्त तपासले. वाहक नसलेल्या 247 पैकी 113 मुलांत परजीवी सापडले, 43 वाहकांपैकी 12 मुलांत. शेवटी लुओ जमातीच्या 30 प्रौढ स्वयंसेवकांना मुद्दाम हिवतापाचा संसर्ग दिला. वाहक नसलेल्या 15 पैकी 14 जणांना लागण झाली, 15 वाहकांपैकी फक्त 2 जणांना. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. 1954 मध्ये हे निष्कर्ष छापून आले. पुढच्या अभ्यासांत दिसले की खरी ढाल जीवघेण्या हिवतापाविरुद्ध आहे: परजीवी शिरलेली वाहकाची पेशी वाकते आणि पाणथरी (प्लीहा) तिला गाळून टाकते, परजीवीची वाढ खुंटते.

निवड इथे कशी चालते ते हिशेबानेच पाहावे. एखाद्या वस्तीत या जनुकाचा वाटा 10 टक्के धरा, म्हणजे जनुकाच्या दर 10 प्रतींत 1 सिकलसेलची. तिथे जन्मणाऱ्या 100 मुलांपैकी सरासरी 81 साध्या रक्ताची, 18 वाहक आणि 1 एसएस असेल. एसएस मूल जगत नाही. साध्या रक्ताच्या 81 पैकी 9 मुले हिवतापाने जातात, वाहक 18 च्या 18 वाचतात असे माना. उरली 90 मुले, म्हणजे जनुकाच्या 180 प्रती, त्यांतल्या 18 सिकलसेलच्या. वाटा पुन्हा 10 टक्केच. पिढ्यान् पिढ्या जनुक तिथेच ठरते. हिवताप जास्त असेल तर वाटा वर चढेल, नसेल तर उतरेल. जनुक मुळात चांगले किंवा वाईट नसते. निसर्ग फक्त किती मुले जगून आईबाप झाली एवढेच मोजतो, आणि त्या मोजणीचा निकाल डास किती आहेत यावर ठरतो. हिवताप आला म्हणून जनुक घडले, असेही नाही. जनुकातले एक अक्षर आपोआप बदलले. हिवतापाने फक्त ते राखले.

या बदलाने हिमोग्लोबिनमध्ये काय होते ते 1956-57 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅम यांनी पकडले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 दुवे, म्हणजे अमिनो आम्ले, असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले आहे, एवढाच फरक. डीएनएच्या भाषेत एका ‘ए’च्या जागी ‘टी’. पश्चिम आफ्रिकेत त्याच सहाव्या जागी वेगळाच बदल होऊन हिमोग्लोबिन सी घडले. ईशान्य भारतात आणि आग्नेय आशियात सव्विसाव्या जागी बदल होऊन हिमोग्लोबिन ई झाले. त्याखेरीज थॅलेसेमिया, जी-6-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची कमतरता. ही सगळी रक्तवैशिष्ट्ये हिवतापाच्या प्रदेशांत वाढलेली सापडतात. एकाच अडचणीवर निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे, आणि सगळेच अर्धवट, उपाय टिकून राहिलेले दिसतात. कुणी योजनेने रचले असते तर ज्याची किंमत दोन वाहकांच्या चार अपत्यांतल्या सरासरी एकाला मोजावी लागते असा उपाय निवडला नसता. उत्क्रांतीचा यापेक्षा स्पष्ट पुरावा माझ्या माहितीत नाही.

भारतात सिकलसेल 1952 मध्ये उजेडात आला. लेहमान आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत सापडला, त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतही नोंद झाली. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, परधान अशा जमातींत तो आहेच. विदर्भातल्या अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय कुटुंबांतही आहे. तो एकट्या आदिवासींचा आजार आहे हा समज सोडायला हवा, कारण त्यामुळे बाकीच्या घरांतले निदान उशिरा होते.

आपल्याकडे तो आफ्रिकेतून आला का? 1980 च्या दशकात जनुकाच्या आजूबाजूचा डीएनए वाचला गेला तेव्हा पाच मुख्य नमुने निघाले: चार आफ्रिकेतले, पाचवा अरबी-भारतीय. ओडिशा, महाराष्ट्र, निलगिरी आणि सौदी अरेबियाचा पूर्व भाग इथे हाच पाचवा आढळतो. बदल पाच वेळा स्वतंत्रपणे झाला, की काही हजार वर्षांपूर्वी एकदाच होऊन पसरला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. पण अरबी-भारतीय नमुन्याच्या लोकांत गर्भातले हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त राहते, आणि ते पेशींना वाकू देत नाही, हे पक्के. म्हणून भारतातला आजार सौम्य असे पाठ्यपुस्तकांत लिहिले गेले. नागपूरच्या वॉर्डांत बसणाऱ्या आयांना ते वाक्य पटणार नाही. मध्य भारतात तीव्र आजाराची मुले पुष्कळ आहेत. तरी त्या निरीक्षणातून उपचाराची दिशा मिळाली. हायड्रॉक्सियुरियाची गोळी हेच गर्भातले हिमोग्लोबिन वाढवते, आणि 2023 च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक-संपादनाची पहिली उपचारपद्धतीही तेच करते.

परजीवीही स्वस्थ बसलेला नाही. गांबिया आणि केनियातल्या आजारी मुलांच्या अभ्यासात परजीवीचे असे प्रकार सापडले आहेत, ज्यांच्यापुढे वाहकांची ढाल फारशी चालत नाही. निवड दोन्ही बाजूंनी चालू आहे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 ही मुदत. तपासणी हवीच होती, उशिरा का होईना सुरू झाली. मात्र निर्मूलन या शब्दाने फसू नये. हिवताप पूर्ण थांबला आणि एकाही एसएस रुग्णाला मूल झाले नाही असे धरले, तरी जनुकाचा वाटा 10 टक्क्यांवरून 5 वर यायला दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतात. 5 वरून अडीचवर यायला आणखी वीस पिढ्या. रुग्ण जगतात, संसार करतात, आणि ते तसेच व्हायला हवे. मग वेग आणखी मंदावतो. 2047 पर्यंत जनुक कुठेही जाणार नाही. तोवर करता येईल ते असे: बाळ जन्मताच रक्ताची तपासणी, औषधाची गोळी तालुक्याला न अडकता पाड्यापर्यंत, आणि दोन वाहकांना कुणी न हिणवता एवढेच नीट सांगणे, की प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते, आणि पोटातल्या बाळाची तपासणी वेळेत करता येते.