डबलडे मैदान, वेस्ट पॉइंट

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या पश्चिम तीरावरील वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीचे बेसबॉल मैदान. याच राज्यातील कूपर्सटाउन गावीही डबलडे मैदान आहे, ते वेगळे. अकादमीच्या मैदानावर १९०९ च्या सुमारास खेळ सुरू झाला आणि १९३९ मध्ये त्याला जनरल ॲब्नर डबलडे यांचे नाव मिळाले. १९९६ मध्ये नूतनीकरण झालेल्या प्रेक्षागृहास जॉन्सन स्टेडियम म्हणतात. आसने सुमारे ८८० असूनही न्यूयॉर्क यांकीज या नामांकित व्यावसायिक संघाने येथे ३० मार्च २०१३ रोजी कॅडेटांशी प्रदर्शनीय सामना खेळला.

डबलडे (२६ जून १८१९ – २६ जानेवारी १८९३) हे अकादमीच्या १८४२ च्या तुकडीचे पदवीधर. यादवी युद्धाच्या प्रारंभी, एप्रिल १८६१ मध्ये, फोर्ट समटर या किल्ल्याच्या बचावातील पहिली तोफ त्यांनी डागली. गेटिसबर्गच्या लढाईच्या पहिल्या दिवशी (१ जुलै १८६३) जनरल रेनल्ड्स पडल्यावर पहिल्या कोअरचे (सैन्याच्या मोठ्या विभागाचे) नेतृत्व त्यांच्याकडे आले. ही कामगिरी निर्विवाद आहे. वाद आहे तो बेसबॉलच्या जनकत्वाचा.

बेसबॉल इंग्लंडमधील राउंडर्स या चेंडूफळीच्या खेळापासून निघाला, असे क्रीडापत्रकार हेन्री चॅडविक मानत. खेळाच्या साहित्याचे व्यापारी ॲल्बर्ट स्पॉल्डिंग यांना तो अस्सल अमेरिकी हवा होता. त्यांच्या पुढाकाराने नेमलेल्या मिल्स आयोगाने १९०७ च्या अखेरीस डबलडे यांनी १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे खेळाची पहिली आखणी केल्याचा निर्वाळा दिला. त्याचा मुख्य आधार म्हणजे डेन्व्हरचे खाण अभियंते ॲब्नर ग्रेव्ह्ज यांची १९०५ मधील पत्रे. १८३९ मध्ये ग्रेव्ह्ज पाच वर्षांचे होते. वर्षही त्यांनी निश्चित सांगितले नव्हते; १८३९, १८४० किंवा १८४१ एवढेच ते म्हणाले होते. डबलडे १८३८ मध्येच अकादमीत दाखल झाले होते व पहिली दोन वर्षे कॅडेटांना सहसा घरी जाता येत नसे. त्यांच्या प्रकाशित लेखनात या शोधाचा उल्लेख नाही. आयोगाचे अध्यक्ष मिल्स तर डबलडे यांचे जुने स्नेही, पण त्यांनीही तो डबलडे यांच्या तोंडून ऐकला नव्हता. उलट, मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्येच सभागृहाच्या खिडक्या फुटू नयेत म्हणून त्याच्या आसपास बेसबॉल खेळण्यास बंदी घातली होती. आता अभ्यासक डबलडे यांचे जनकत्व मानत नाहीत, आणि उपलब्ध पुराव्यावरून तोच निष्कर्ष योग्य ठरतो. मैदानाचे नाव मात्र अयोग्य म्हणता येत नाही: ते अकादमीच्याच एका सेनानीचे आहे.

बेसबॉलशी त्यांचा संबंध दाखवणारा एक कागद मात्र आहे. १८७१ मध्ये टेक्ससमधील फोर्ट मकॅव्हेट येथे कृष्णवर्णीय सैनिकांच्या २४ व्या पायदळ रेजिमेंटचे प्रमुख असताना त्यांनी वरिष्ठांकडे खरेदीची परवानगी मागितली. यादीत सेनापतींची चित्रे, लहान पुतळे व मॅजिक लँटर्न (पडद्यावर चित्रे दाखवणारा दिवा) होता. शिवाय सैनिकांच्या करमणुकीसाठी बेसबॉलचे साहित्य. खेळ तोवर देशभर रुजला होता, त्यामुळे जनकत्वाचा पुरावा म्हणून या पत्राला मोल नाही. आपल्या सैनिकांची काळजी घेणारा अधिकारी मात्र त्यात स्पष्ट दिसतो.

उत्तरायुष्यात ते थिऑसॉफी या अध्यात्मवादी विचारपंथाकडे वळले. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ऑल्कट व मादाम ब्लाव्हॅट्स्की फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत आले. त्याआधी ऑल्कट यांनी अमेरिकेतील शाखेचे हंगामी अध्यक्षपद डबलडे यांच्याकडे सोपवले होते. न्यू जर्सीतील मेंडम येथे त्यांचे निधन झाले; दफन आर्लिंग्टन राष्ट्रीय स्मशानभूमीत आहे.