पू म्हणजे नासकं रक्त नव्हे

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षछाटणीत कात्री बोटाला लागली आणि जखमेत पू झाला, की सल्ला ठरलेला: "नासकं रक्त आहे, पिळून काढ." साफ चूक. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. जखम झाल्यावर काही तासांतच त्या तिथे जमतात. त्यांना बोलावण्यात रक्तातल्या 'कॉम्प्लिमेंट' प्रथिनांचाही हात असतो. ही प्रथिनं मुख्यतः यकृतात बनतात आणि एकामागून एक जागी होतात. त्यांतलं सी३बी नावाचं प्रथिन जंतूला चिकटून त्याला भक्षक पेशींच्या तावडीत देतं, सी५ए कुमक मागवतं. शेवटी सी५बी ते सी९ मिळून काही जंतूंच्या आवरणाला चक्क भोक पाडतात! पिळल्याने उलट जंतू आत ढकलले जातात. लाली हातावर चढू लागली किंवा ताप आला, तर थेट डॉक्टरकडे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.