सोलापूर : उद्योग आणि कामगार

महाराष्ट्राच्या आग्नेयेस, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले जिल्ह्याचे ठिकाण आणि महानगरपालिकेचे शहर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ९,५१,५५८. चादर, टॉवेल आणि विडी या तीन वस्तूंनी सोलापूरचे नाव देशभर पोचवले; अलीकडे शालेय गणवेश आणि वाहनांचे सुटे भाग यांची त्यात भर पडली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे गिरण्यांचे शहर होते. पुढे गिरण्या बंद पडल्या, काम मात्र संपले नाही. ते लहान कारखान्यांत आणि घराघरांत विखुरले. जे हात पूर्वी हजेरीपत्रकावर होते, त्यांतले बरेचसे आज कोणत्याच पत्रकावर सापडत नाहीत. या शहराच्या श्रमजीवनातला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या सुमारास सोलापुरात पोचला आणि आसपासच्या कापसाला बाजार मिळाला. १८७० च्या दशकात सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी निघाली. लोक तिला आजही ‘जुनी मिल’ म्हणतात. तिच्यामागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आणि जाम या गिरण्या आल्या. जिल्हा कायमचा अवर्षणप्रवण असल्यामुळे दुष्काळाने उठलेली माणसे गिरणीच्या फाटकाशी येत राहिली. मराठी आणि कानडी मुलखातल्या शेतकरी-मजुरांबरोबर तेलंगणातून पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आले आणि शहराच्या पूर्व भागात स्थिरावले. तिथल्या गल्ल्यांत अजूनही व्यवहाराची पहिली भाषा तेलुगू आहे, आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा माग थांबलेले असतात. मोमीन, साळी, कोष्टी हेही इथले जुने विणकर. उत्तरेकडच्या ‘सेटलमेंट’ वस्तीचा इतिहास अधिक कठोर आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखाली भटक्या जमातींची कुटुंबे तिथे तारेच्या कुंपणात ठेवली होती आणि त्यांच्यातली माणसे गिरणीत कामाला जात. हा कायदा देशभरातून १९५२ मध्ये रद्द झाला. वस्तीचे नाव तसेच राहिले.

गिरणी कामगार हा सोलापूरच्या राजकारणाचाही कणा होता. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, काही दिवस इंग्रजी अंमल जवळजवळ नाहीसा झाला आणि १२ मे रोजी सरकारने लष्करी कायदा पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. यांपैकी कुर्बान हुसेन कामगार चळवळीतले होते.

जुन्या मिलचे नाव भारताच्या घटनात्मक इतिहासातही कायमचे नोंदले गेले. गैरव्यवस्थापनामुळे ही गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. हजारो घरांची चूल तिच्यावर चालत होती. केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि नंतर तसा कायदा केला. एका भागधारकाने त्याला आव्हान दिले, ते सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये फेटाळले. तीन वर्षांनी दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यात मात्र मोबदल्याविना मालमत्ता हिरावल्याच्या मुद्द्यावर तोच कायदा अवैध ठरला. समानता आणि मालमत्तेच्या हक्काचा अभ्यास करणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याला हे दोन्ही निकाल वाचावे लागतात. गिरणी वाचवण्यामागचे एक उघड कारण बेकारी हे होते, हे त्या वाचनात सहसा मागे पडते.

१९६० ते २००० या काळात गिरण्या एकामागून एक थांबल्या. जुनी यंत्रे, थकलेली देणी आणि स्वस्त यंत्रमागाशी न पेलणारी स्पर्धा ही त्याची मुख्य कारणे. हातमाग आधीपासून होतेच. त्यांच्या जागी यंत्रमाग आले आणि पूर्व भागात व अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत ‘कारखाने’ उभे राहिले. सोलापुरात कारखाना म्हटले की बहुधा चार-आठ किंवा वीस-पंचवीस मागांची शेड डोळ्यांसमोर येते. मालक अनेकदा स्वतः विणकराच्याच घरातला, कामगाराच्याच जातीचा आणि भाषेचा असतो. अडीअडचणीला तो उचल देतो, आणि त्याच उचलीपायी कामगार त्याच्याकडे बांधलेला राहतो. मजुरी बहुतेक नगावर किंवा मीटरवर मिळते. वीज गेली, सूत आले नाही किंवा बाजार मंदावला की कमाई थांबते. भविष्य निर्वाह निधी, किमान वेतन आणि ओळखपत्र या मागण्यांवर इथे वर्षानुवर्षे मोर्चे निघत आले आहेत.

चादर आणि टॉवेल यांची कामे वेगळ्या कसबाची आहेत. चादरीची नक्षी जकार्डवर, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षीच्या यंत्रणेवर निघते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागाच्या डोक्यावर फिरते. जिथे भोक, तिथला उभा धागा वर उचलला जातो आणि आडवा धागा नेणारा धोटा त्याखालून जातो. मोर, फुले, कोपऱ्यात विणलेले कारखान्याचे नाव, सारे या पुठ्ठ्यांत आधीच ठरलेले असते. टॉवेलच्या मागावर दोन बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले रूळ, लागतात. एकाचे धागे ताठ, दुसऱ्याचे सैल. काही आडवे धागे घालून झाले की फणी ठोका देते आणि सैल धाग्यांचे वेढे उभे राहतात. पाणी टिपते ते त्या वेढ्यांनी. मागाआधी रंगाई, वारपिंग (उभे धागे रुळावर गुंडाळणे), सायझिंग (त्यांना खळ देणे) आणि मागानंतर कापणी, शिलाई, घडी अशी साखळी असते. कांड्या (धोट्यातल्या सुताच्या नळ्या) भरणे आणि काठ शिवणे ही कामे मुख्यतः बायकांकडे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक उपदर्शन (जीआय), म्हणजे प्रदेशाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळालेले आहे. नाव सुरक्षित झाले, तरी इतर राज्यांतल्या स्वस्त मालापुढे जकार्ड चादर मागे पडत गेली आणि बरेच कारखाने टॉवेलकडे वळले.

कामाची आणि राहण्याची जागा एकच असणे ही या विखुरलेल्या उद्योगाची जीवघेणी बाजू आहे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागून मालकाच्या घरातली माणसे आणि कामगार मिळून ८ जण दगावले.

विडी हा सोलापूरच्या बायकांचा सर्वांत मोठा रोजगार. वळणाऱ्यांची संख्या ६० ते ७० हजार सांगितली जाते. नवरा मागावर आणि बायको विडीवर, अशी पूर्व भागातली असंख्य घरे चालली. तेंदूची पाने रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायची, तंबाखू पसरून पान वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि तोंड मुडपायचे. दिवसाला हजार विड्या हे सराईत हाताचे काम. त्यात घरच्या मुलींचे हातही लागतात. माल कंपनीच्या शाखेत नेऊन दिला की तपासणारा हलक्या विड्या बाजूला काढतो. ही ‘छाट’ मजुरीत धरली जात नाही, आणि पाने खराब आली तर तूट बाईच्याच माथी. तंबाखूच्या धुळीत तासन्‌तास बसल्याने खोकला, दमा, पाठ-मानेची दुखणी घरोघर दिसतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानले. १९७६ च्या कल्याण निधीतून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरकुले यांना पैसा मिळे. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर या निधीचा उपकर बंद झाला.

घरांच्या प्रश्नावर मात्र सोलापूरच्या कामगारांनी देशाला दाखवण्याजोगे काम केले. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम (आडम मास्तर) यांच्या पुढाकाराने सोलापूरजवळच्या कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांच्या १०,००० घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती देण्यात आली. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी ‘रे नगर’ची ३०,००० घरांची योजना आली. तिची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये आणि पहिल्या १५,००० घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. घर बाईच्या नावावर होणे ही विडी कामगारांच्या बाबतीत साधी गोष्ट नव्हे. वस्ती शहराबाहेर असल्याने रोजच्या कामाला जायचे भाडे वाढते, ही तिची दुसरी बाजू.

चिंचोली औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधांचे घटक आणि अभियांत्रिकीचे कारखाने आहेत. इंजिनाचे कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे) बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच. ही कामे आयटीआय-पदविकाधारकांची, आणि संख्येने मर्यादित. जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर आहेत. शहरालगतच्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली, तेव्हा सभासद शेतकरी आणि कामगार विरोधात उभे होते. दुसरीकडे शिकलेली तरुण मुले पुणे, बंगळुरू आणि हैदराबादची वाट धरतात. शहरात वाढताना दिसतो तो तयार कपड्यांचा, विशेषतः शालेय गणवेशांचा व्यवसाय. शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांत विडी कामगारांच्या मुली बऱ्याच आहेत. आईप्रमाणे त्यांनाही नगावरच मजुरी मिळते; फरक इतकाच की यातल्या अनेकजणी घराबाहेर, इतर बायकांसोबत एका शेडमध्ये काम करतात.