सीटीसीएनची तांत्रिक मदत: अर्ज कोण करू शकतो आणि कसा?

क्लायमेट टेक्नॉलॉजी सेंटर अँड नेटवर्क, म्हणजेच सीटीसीएन, ही 2010 च्या कानकुन हवामान परिषदेत ठरलेली यंत्रणा. कार्यालय कोपनहेगनला, कारभार संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या छत्राखाली. आपल्या परिस्थितीत कोणतं तंत्रज्ञान चालेल आणि ते रुजवायचं कसं, हे ठरवायला ती विकसनशील देशांना विनामूल्य मदत करते. इथून अनुदान किंवा यंत्रं मिळत नाहीत. मिळतं ते तज्ज्ञांचं काम: तांत्रिक अभ्यास, धोरणाचा मसुदा, प्रशिक्षण. एका अर्जामागे या कामावर जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर खर्च होतात, पण ते काम करणाऱ्या संस्थेला दिले जातात, अर्जदाराला नाही.

सरकारी विभाग, नगरपालिका, विद्यापीठ, स्वयंसेवी संस्था, खासगी कंपनी यांपैकी कोणीही अर्ज तयार करू शकतं. पाठवायचा मात्र देशाने नेमलेल्या राष्ट्रीय यंत्रणेमार्फतच, तिच्या सहीने. भारतात ही यंत्रणा म्हणजे केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय. म्हणून अर्ज पुरा लिहून होण्याआधीच मंत्रालयाशी बोलून घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

अर्ज ठरावीक नमुन्यात असतो. समस्या, आजवरचे प्रयत्न, तंत्रज्ञानातली अडचण, अपेक्षित काम, सहभागी संस्था, महिलांना होणारा फायदा आणि देशाच्या हवामान उद्दिष्टांशी असलेला संबंध, हे सगळं त्यात लिहायचं. सर्वांत जास्त वेळ द्यावा तो समस्येच्या मांडणीला. समजा, कोकणातल्या एखाद्या किनारी गावात विहिरींचं पाणी खारट होतंय. ‘खारं पाणी गोडं करणारं यंत्र हवं’ एवढंच लिहिलं तर ती खरेदीची मागणी झाली. समुद्राचं पाणी कुठवर शिरलंय हे मोजायची सोय नाही, उपसा किती कमी करायचा हे कोणालाच ठरवता येत नाही, असं लिहिलं की तज्ज्ञांनी नेमकं काय करायचं ते दिसतं. जुने पाणीनमुन्यांचे अहवाल हाताशी असतील तर त्यांचा उल्लेख जरूर करा.

पुढे सीटीसीएन पात्रता तपासते आणि अर्जदार व मंत्रालयासोबत कामाचा आराखडा बनवते. त्यावर सह्या झाल्या की काम बहुधा निविदेने नेटवर्कमधल्या सदस्य संस्थेकडे जातं. ज्या संस्थांना मदत घ्यायची नसून असं काम करायचं आहे, त्यांनी नेटवर्कच्या सदस्यत्वासाठी वेगळा अर्ज करावा. त्याला शुल्क नाही.