हरभऱ्यातली घाटेअळी : कमी विषारी औषधं कधी आणि कशी मारायची

शेतकरी बंधू-भगिनींनो,

डिसेंबर लागला की दुकानात एकच मागणी येते, "एकदम कडक काहीतरी द्या." सायपरमेथ्रिनसारख्या जुन्या औषधांना घाटेअळी केव्हाच सरावली आहे. उग्र वासाचा आणि अळी मरण्याचा तर काहीच संबंध नाही. म्हणून आम्ही आधी विचारतो: अळी केवढी आहे?

मादी पतंग कळ्यांवर, कोवळ्या पानांवर खसखशीएवढी अंडी एकेक करून घालते. लहान अळी पान खरवडते, त्यामुळे पानावर पांढरट डाग दिसतात. औषध मारायची खरी वेळ हीच. मोठी झालेली अळी डोकं घाट्यात खुपसून अर्धं अंग बाहेर ठेवून खाते. एकटी 30 ते 40 घाटे फस्त करते, आणि कमी विषारी औषधाला सहज दाद देत नाही.

शेतात पाच-सहा ठिकाणी एकेक मीटर ओळ नीट बघा. मीटरला 1-2 अळ्या सापडल्या, किंवा कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने पतंग ओढणारा सापळा) सलग 2-3 दिवस रोज 8-10 पतंग आले, तर फवारणी करा. एकरी 2 सापळे पुरतात. सापळ्यात फक्त नर अडकतात, त्यामुळे तो अंदाजासाठी आहे, अळी मारण्यासाठी नाही.

फुलोरा सुरू होताना पहिली फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची. 5 किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण पाणी 100 लिटर करा. अर्क त्याच दिवशी संपवा.

अळ्या लहान दिसत असतील तर आमची पहिली पसंती एचएएनपीव्ही या विषाणूला. 10 लिटरला 10 मिली. हा फक्त घाटेअळीलाच लागतो; माणूस, जनावर, मधमाशी कुणालाच त्रास नाही. उन्हात तो निकामी होतो, म्हणून दिवस मावळताना फवारा आणि द्रावणात थोडी राणीपाल (कपडे पांढरे करायची पावडर) घाला. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसतील. लगेच तक्रार घेऊन येऊ नका! चार-सहा दिवसांनी झाडाच्या शेंड्याला उलट्या लोंबकळलेल्या, काळपट, बोट लावताच फुटणाऱ्या अळ्या दिसतात, त्या विषाणूने मेलेल्या. पानाला चिकटलेले छोटे करडे-पांढरे कोष दिसले तर खुडू नका. कॅम्पोलेटिस नावाची गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी घाटेअळीच्या अंगात वाढते आणि तिला मारते, ते कोष तिचे.

एवढं करूनही अळ्या वाढल्याच तर क्लोरॅनट्रॅनिलीप्रोल 18.5 एससी 2.5 मिली किंवा इमामेक्टिन बेन्झोएट 5 एसजी 4.4 ग्रॅम, 10 लिटर पाण्यात. दोन्ही एकत्र करू नका, आणि पुढची फवारणी लागली तर औषध बदला. क्लोरॅनट्रॅनिलीप्रोलने अळीचे स्नायू आखडतात, ती काही तासांत खाणं थांबवते. मरायला दोन-तीन दिवस लागतात. वरची प्रमाणं साध्या, हाताने चालवायच्या पंपाची आहेत.

डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हिरवा असला तरी ते औषधच. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. तोंडाला फडकं, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका. क्लोरॅनट्रॅनिलीप्रोल पाण्यातल्या जिवांना घातक आहे, म्हणून पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नका.

टहाळ (ओला हरभरा) विकणार असाल तर खरेदीच्या वेळीच सांगा. डब्यावर लिहिलेली काढणीआधीची मुदत पाळता येणार नसेल, तर आम्ही रासायनिक औषध देणार नाही, निंबोळी किंवा विषाणूच देऊ.

येताना किडलेले दोन-चार घाटे आणि अळी डबीत घालून आणा. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो.