टॉन्सिल 'होत' नाहीत

"मुलाला टॉन्सिल झालेत" असं आपण सर्रास म्हणतो. पण टॉन्सिल होत नाहीत, ते प्रत्येकाला जन्मापासून असतात. आरशासमोर आ करा. पडजिभेच्या दोन्ही अंगांना बदामासारख्या दोन गाठी दिसतील, त्याच या. त्या सुजल्या, की तो आजार, टॉन्सिलायटिस. जिभेच्या मुळाशी आणि नाकाच्या मागेही याच जातीच्या गाठी असतात.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटते ती गाठीची आतली रचना. वरून दिसणारं प्रत्येक बारीक भोक म्हणजे आत फाटे फुटत गेलेलं बोळ असतं. टॉन्सिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या लसिकाग्रंथींचेच भाऊबंद. इतर लसिकाग्रंथींकडे जंतू लसिकेबरोबर, म्हणजे पेशींभोवतून गोळा होणाऱ्या पातळ द्रवाबरोबर, वाहत येतात. टॉन्सिलकडे लसिका आणणारी वाहिनीच नाही. घासातून, श्वासातून जे येतं त्याचे नमुने या बोळांचं जाळीदार अस्तर थेट आत ओढतं. आत बी-पेशींची, म्हणजे प्रतिपिंडं (जंतूला चिकटणारी प्रथिनं) बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, 'बीजकेंद्रं' असतात. जंतूचा तुकडा ओळखणारी बी-पेशी तिथे भराभर विभागते आणि विभागताना स्वतःच्या प्रतिपिंडाच्या जनुकात बदल होऊ देते. त्यामुळे तिच्या प्रत्येक लेकीचं प्रतिपिंड जरा निराळं. ज्यांचं जंतूला अधिक घट्ट चिकटतं, त्यांना टी-पेशी (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी) जगण्याचा इशारा देतात, उरलेल्या मरतात. पुन्हा विभाजन, पुन्हा बदल, पुन्हा निवड. डार्विनची नैसर्गिक निवड आपल्या घशात काही दिवसांत घडते!

आणि या गाठी एके काळी सरसकट कापल्या जात. १९३४मध्ये न्यूयॉर्कच्या १००० शाळकरी मुलांची पाहणी झाली. ६१ टक्के मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांपैकी ४५ टक्क्यांना डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना 'गरज नाही' म्हटलं, ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तर त्यांनी त्यातल्या ४६ टक्क्यांचे काढायला सांगितले. तिसऱ्या फेरीत पुन्हा ४४ टक्के! गाठी बघून नव्हे, सवयीने निर्णय होत होते.

आज शस्त्रक्रियेचा विचार साधारण वर्षात सात वेळा घसा धरला, किंवा गाठींमुळे झोपेत श्वास अडकू लागला तर करतात. काढल्यावर मूल उघडं पडत नाही, बाकीच्या ग्रंथी काम सांभाळतात. पण बोटाला हळद-मीठ लावून गाठी दाबून 'फोडणाऱ्यांकडे' मुलाला मुळीच नेऊ नका; त्यात रक्तस्राव आणि नवा संसर्ग यांचाच धोका. शाळेत जाऊ लागलेल्या मुलाच्या गाठी नुसत्या मोठ्या दिसल्या, तरी घाबरू नका. त्या वयात त्या सर्वांत मोठ्या असतात आणि वयात येताना आपसूक आकसू लागतात.