रेडिओवरील विनोदी पॅनेल कार्यक्रमांचे संकलन

विनोदी पॅनेल कार्यक्रमात काही सहभागी मिळून प्रश्नमंजुषा किंवा खेळ खेळत विनोद करतात. प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेल्या अशा कार्यक्रमातून प्रसारणाचा भाग निवडून त्याची लय बांधणे म्हणजे संकलन. या प्रकाराची सर्वांत मोठी परंपरा बीबीसीच्या रेडिओ ४ वाहिनीवर आहे. तेथे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला प्रत्यक्षात सुमारे २८ मिनिटे मिळतात. ध्वनिमुद्रण मात्र बरेच लांबते.

१९७७ साली सुरू झालेली बातम्यांवरील प्रश्नमंजुषा ‘द न्यूज क्विझ’ हा कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी मुद्रित होतो आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला प्रसारित होतो. निर्मात्याच्या हाती जेमतेम एक दिवस उरतो. तेवढ्यात फसलेले विनोद गळतात आणि मानहानीचा किंवा न्यायालयाच्या अवमानाचा धोका असलेली वाक्ये काढली जातात. सूत्रसंचालक अडखळला असेल, तर त्याच्याकडून ती वाक्ये मुद्रणाच्या शेवटी पुन्हा म्हणून घेतलेली असतात. ती मूळ जागी बसवली जातात.

फितीच्या काळात हे काम अक्षरशः हाताचे होते. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने फिरत असेल, तर अर्ध्या सेकंदाची शांतता म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर फीत. रिळे हाताने मागेपुढे फिरवून शब्दाची सुरुवात हुडकायची, पेन्सिलीने खूण करायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि टोके चिकटवायची. छेद तिरका, कारण सरळ छेदाच्या जागी खटका ऐकू येण्याची भीती असे. आता हे सारे संगणकावर होते, पण खरी अडचण तीच आहे: शब्दाला शब्द जोडता येतो, हशाला हशा सहजासहजी जोडता येत नाही. ओसरत चाललेला हशा मध्येच तुटला, तर अनोळखी कानालाही तो खुपतो.

किती कापता येईल हे खेळाच्या नियमांवर ठरते, आणि त्याचे उत्तम उदाहरण १९६७ पासून चालू असलेला ‘जस्ट अ मिनिट’. इयान मेसिटर यांनी रचलेल्या या खेळात एका विषयावर न अडखळता, पुनरुक्ती न करता आणि विषय न सोडता ६० सेकंद बोलायचे असते; यातली चूक झाली की इतर खेळाडू आक्षेप घेतात. इतरत्र संकलक शांतता बिनदिक्कत छाटतो. येथे शांतता हाच पुरावा. ती छाटली, तर ‘अडखळला’ हा आक्षेप विनाकारण वाटतो. आधीचे वाक्य काढले, तर पुनरुक्तीच्या आक्षेपातला पहिला शब्द श्रोत्याने ऐकलेलाच नसतो. प्रत्येक योग्य आक्षेपाला गुण असल्याने एखादी फेरी गाळली की जाहीर झालेली बेरीजही चुकते.

चाहत्यांचे वाद येथेच पेटतात. ‘जस्ट अ मिनिट’चे सूत्रसंचालक निकोलस पार्सन्स यांनी अर्धशतकाहून अधिक काळ दिलेले निर्णय वही-पेन घेऊन तपासणाऱ्यांचा एक पक्ष. विनोदापुढे गुणांना काय किंमत, असे विचारणारा दुसरा. प्रत्यक्ष मुद्रणाला बसलेल्यांचा तिसरा पक्ष सर्वांत त्रासदायक, कारण ‘सगळ्यात भारी विनोद तर कापला’ हे त्यांचे विधान इतरांना खोडता येत नाही. ‘द न्यूज क्विझ’ची लांब आवृत्ती रेडिओ ४ एक्स्ट्रावर लागू लागल्यावर निदान त्या कार्यक्रमापुरती तुलना शक्य झाली. कित्येकदा छोटी आवृत्तीच सरस वाटते, हे मात्र चाहते सहसा कबूल करत नाहीत.

१९७२ साली सुरू झालेल्या ‘आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’च्या संकलकाला असा जाच नाही. त्यातली गुणलेखिका सामंथा काल्पनिक आहे. ‘मॉर्निंग्टन क्रेसंट’ या खेळात लंडनची स्थानके गंभीरपणे पुकारली जातात, पण त्याचे नियम कोणी कधी सांगितलेलेच नाहीत. मधली चार स्थानके उडवली तरी आक्षेप घ्यायचा कशावर?